ताकद नेमकी कुठली कमी पडतेय? (कमाल, स्फोटक, दमाची, पकडीची...)

चौथा_सेट

स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) ६० किलोवरून १०० वर जातो, पण उभी उडी जागची हलत नाही. सलग पंचवीस जोर मारणाऱ्याला धड तीन पुल-अप्स निघत नाहीत. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) पाय-पाठ ठणठणीत, बार मात्र बोटांतून निसटतो. तिन्ही तक्रारींवर जिममध्ये ठरलेलं उत्तर एकच: "वजन वाढव." पण तिन्ही ठिकाणी कमी पडणारी गोष्ट वेगळी आहे, म्हणून इलाजही वेगळा. हा धागा त्यासाठी. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

पाया म्हणजे कमाल ताकद. एखाद्या व्यायामात एकदाच, फॉर्म न बिघडवता, जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येतं तेवढी. ती दोन गोष्टींवर ठरते: स्नायूची जाडी, आणि त्यातले किती तंतू मज्जासंस्था एका वेळी कामाला जुंपते ते. नवशिक्याचे आकडे पहिल्या सहा-आठ आठवड्यांत भराभर चढतात ते मुख्यतः दुसऱ्या कारणामुळे, आरशात काही दिसायच्या आधीच. मोठे, जोरकस तंतू सगळ्यात शेवटी कामाला लागतात. वजन हलकं आणि हालचाल सुस्त असेल तर त्यांची पाळीच येत नाही.

माप असं: कमाल वजनाच्या ८० ते ९० टक्के, २ ते ५ रेप्स (सलग आवर्तनं), ३ ते ५ सेट्स, मध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती. सगळ्यात जास्त चुकते ती ही विश्रांती. जड सेटला लागणारं फॉस्फोक्रिएटिन (स्नायूतलं झटपट ऊर्जेचं इंधन) अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं भरून येतं, जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. मिनिटभरात परत बारखाली गेलात तर तिसऱ्या सेटला प्लेटा उतरवाव्या लागतात आणि सराव नकळत दमाचा होऊन बसतो. घाम जास्त निघतो, म्हणून मेहनत जास्त झाली असं वाटतं, एवढंच.

कमाल वजन कळायला खरोखर एक रेपची चाचणी घ्यायची गरज नाही, नवख्यांनी तर घेऊच नये. एप्लीचं सूत्र पुरेसं आहे: वजन × (१ + रेप्स ÷ ३०). ८० किलोच्या ५ रेप्स स्वच्छ निघाल्या तर अंदाज सुमारे ९३ किलो. रेप्स दहाच्या वर गेल्या की सूत्र भरकटतं.

स्फोटक ताकदीत प्रश्न वेळेचा असतो. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. वेगात धावणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकतो तो जेमतेम ०.१ सेकंद. म्हणजे १०० किलोच्या स्क्वॉटमध्ये कमावलेला सगळा जोर तिथे वापरायला वेळच नाही; पहिल्या क्षणात किती जोर निघतो तेवढंच कामाचं. यासाठी ३ ते ५ रेप्स, प्रत्येक रेप जीव खाऊन वेगात, आणि वेग मंदावला की सेट बंद, मग ठरवलेल्या रेप्स शिल्लक असल्या तरी. वजन व्यायामावर ठरतं: उडीचे प्रकार शरीराच्या वजनावर किंवा अगदी थोड्या जादा भारावर, क्लीन (बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांपर्यंत उचलणं) कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांवर.

दम, पकड, स्थिर ताकद यांवर प्रतिसादांत बोलू.

---

शंकासुर

मूळ प्रश्न तुम्हीच टाकलात आणि सोडून दिलात. स्क्वॉट वाढला, उडी नाही. आता करायचं काय?

---

उडीबाज

@शंकासुर, आधी तपासायचं. तीन उड्या, प्रत्येकीचे तीन प्रयत्न, सर्वांत चांगला आकडा धरायचा. तिन्हींत हात कमरेवर.

पहिली: अर्ध्या बैठकीत जाऊन दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तिथूनच वर. निघताना किंचितही खाली झोका गेला तर प्रयत्न बाद.
दुसरी: उभ्यानं, झटकन खाली जाऊन लगेच वर.
तिसरी: ३० सेंटिमीटर उंच खोक्यावरून पाऊल पुढे टाकून खाली उतरायचं आणि टेकताक्षणी उसळायचं. खोक्यावरून उडी मारून उतरलात तर उंची वाढते आणि आकडा फसवा येतो.

दुसरी पहिलीपेक्षा थोडी जास्त यायलाच हवी. फरक नगण्य असेल तर खाली जाताना ताणात साठलेला जोर तुम्ही वापरतच नाही. बहुतेकदा खालचं वळण फार सावकाश असतं. दुसरी चांगली पण तिसरी तिच्याहून कमी असेल तर टेकताना गुडघे-घोटे ढिले पडतात. टेकताक्षणी ताठ राहून उसळण्याच्या क्षमतेला रिअॅक्टिव्ह ताकद म्हणतात, आणि ती स्क्वॉटमधून फारशी येत नाही. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाय टेकल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ मोजा: पाव सेकंदाच्या आत हवा. टाचा जमिनीवर आपटत असतील, गुडघे आत वळत असतील तर खोका २० सेंटिमीटरवर आणा.

पहिलीच उडी कमी असेल आणि स्क्वॉट शरीराच्या वजनाच्या दीडपटीच्या आत असेल तर मात्र "वजन वाढव" हेच उत्तर बरोबर आहे. ढोबळ हिशोब आहे, पण कामाला येतो.

मात्रा: नवख्यांनी एका दिवसात पाय टेकण्याची संख्या ८० ते १०० च्या पुढे नेऊ नये, आठवड्यात दोन दिवस, मध्ये किमान ४८ तास. स्नायू आठवड्यांत तयार होतो, कंडराला (स्नायू हाडाशी जोडणारा दोर) महिने लागतात. गुडघ्याच्या वाटीखाली टोचणारी दुखणी याच फरकातून येतात. थकेपर्यंत उड्या मारणं हा प्रकार तर बंदच करावा. थकलेल्या पायांची प्रत्येक उडी मंद असते, आणि शरीर तेच शिकतं.

---

पाचकिलोची_प्लेट

मूळ लेखात एक भर. "हलकं वजन वेगात" वाचून लोक बेंच प्रेसचा बार ४० टक्के वजनाला झपाझप ढकलतात. त्यात एक गोम आहे. बार हातात राहणार असतो, त्यामुळे वर पोचायच्या बऱ्याच आधीपासून शरीर त्याला ब्रेक लावायला लागतं. वजन जितकं हलकं तितका ब्रेकचा टप्पा मोठा. म्हणजे निम्म्या हालचालीत तुम्ही थांबण्याचा सराव करताय.

वस्तू किंवा शरीर शेवटी सुटलं पाहिजे. छातीपासून मेडिसिन बॉल फेकणं (३ ते ५ किलो), उडीचा स्क्वॉट, हात जमिनीवरून सुटतील असे जोर. बारच वापरायचा असेल तर वर येताना भार वाढेल अशा साखळ्या किंवा रबरी बँड बारला लावा. भार शेवटी वाढतो म्हणून ब्रेक उशिरा लागतो.

---

चौथा_सेट

+१. हे मूळ लेखातच असायला हवं होतं.

---

जोरबैठक

जोर आणि पुल-अप्स यांची तुलनाच मुळात चुकीची आहे. साध्या जोरात हातांवर शरीराच्या साधारण ६४ टक्के वजन येतं. गुडघे टेकवून मारले तर ४९ टक्क्यांच्या आसपास, पाय ६० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ७४. पुल-अपमध्ये जवळपास सगळंच शरीर लटकलेलं. त्यात स्नायूही वेगळे. ७० किलोच्या माणसाचे पंचवीस जोर म्हणजे ४५ किलो पंचवीस वेळा ढकलणं; ती दमाची ताकद झाली. पुल-अप म्हणजे त्याला जवळजवळ ७० किलो ओढायचे आहेत, आणि सुरुवातीला तो कमाल ताकदीचाच प्रश्न असतो.

इथे सापेक्ष ताकद हा प्रकार येतो: वजनाच्या मानाने ताकद किती. शरीर मोठं होत जातं तसं स्नायूचं छेदक्षेत्र वर्गाने वाढतं आणि वजन घनाने. म्हणून अंगाने मोठा माणूस बार जास्त उचलतो पण पुल-अप्समध्ये लहान चणीच्या माणसाच्या मागे पडतो. याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, भूमिती आहे ती.

शून्य पुल-अप्सवाल्यांसाठी उतरणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. स्नायू लांबत असताना आकसतानापेक्षा बराच जास्त भार पेलतो, ढोबळमानाने २० ते ४० टक्के जास्त. जे ओढता येत नाही ते उतरवता येतं. खोक्यावर चढून हनुवटी बारच्या वर, पाय सोडायचे, पाच सेकंदांत खाली. ३ रेप्स, ३ सेट्स, आठवड्यात दोनदा.

पाहायचं ते हे: पहिले तीन सेकंद सगळ्यांचे ठीक जातात, कोपर काटकोनाच्या पुढे उघडला की माणूस धपकन खाली येतो. तिथे सेट संपला. तो धक्का खांद्याला बसतो, आणि ताकद तर नेमकी त्याच भागात कमी असते. तेव्हा त्या भागात दोन सेकंद थांबायचा प्रयत्न करा. पाच सेकंदांच्या पाच रेप्स सहज निघू लागल्या की पहिला पुल-अप फार दूर नसतो.

---

हळूहळू

वरच्या प्रतिसादाला एक जोड, महत्त्वाची आहे. उतरत्या टप्प्याचा सराव अंग फार दुखवतो. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं, त्यामुळे पहिल्या दिवशी "काहीच झालं नाही" वाटून लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. पहिल्या वेळी ठरवलेल्याच्या निम्मंच करा. दुसऱ्या खेपेला तेच काम खूप कमी दुखवतं. दुखण्यासोबत हात सुजून कडक झाले आणि लघवीचा रंग काळपट तपकिरी दिसला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर येतात.

---

मुठीएवढा

पकडीबद्दल कोणीच बोललं नाही अजून, म्हणून लिहितो.

पकड तीन प्रकारची. दाबायची (हँड ग्रिपर), चिमटीची (अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे) आणि धरून ठेवायची. डेडलिफ्टमध्ये लागते ती तिसरी. ग्रिपर दाबून डेडलिफ्ट सुधारेल ही अपेक्षा त्यामुळे अर्धवटच पुरी होते: ग्रिपरमध्ये बोटं मिटतात, डेडलिफ्टमध्ये ती उघडू न देणं हे काम असतं.

पण ताकदीआधी बार हातात कुठे बसतो ते बघा. बहुतेक जण तो तळव्याच्या मध्यावर घेऊन घट्ट आवळतात. वजन जमिनीवरून सुटलं की बार बोटांच्या मुळाकडे घसरतो, घसरताना कातडीची घडी खाली दुमडते, तिथे घट्टा पडतो आणि पकड मध्येच बदलल्याने बोटं उघडू लागतात. बार सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी, घट्टे जिथे येतात त्याच्या किंचित खाली ठेवा; चार बोटं गुंडाळा आणि अंगठा तर्जनीवरून आणून मधल्या बोटाला टेकवा. घसरायला जागाच उरत नाही. एवढ्यानेच बऱ्याच जणांचा प्रश्न मिटतो. हाताला खडू लावा. घामेजल्या हाताने पकडीचा अंदाज घेऊ नका.

सराव: डेडलिफ्टच्या शेवटच्या सेटची शेवटची रेप वर १५ ते २० सेकंद धरून ठेवणं. फार्मर्स वॉक, म्हणजे दोन्ही हातांत जड डंबेल्स घेऊन चालणं, २० ते ४० मीटर, ३ फेऱ्या. चिमटीसाठी १० किलोच्या दोन प्लेटा, गुळगुळीत बाजू बाहेर, २० सेकंद. वॉर्म-अपपासून स्ट्रॅप्स (मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायच्या पट्ट्या) बांधू नका, फक्त सर्वांत जड सेट्सना ठेवा.

एक हात उलटा धरण्याची मिक्स्ड ग्रिप वापरत असाल तर उलट्या हाताचा कोपर पूर्ण सरळ हवा. जरा वाकवून ओढलं की सगळा भार बायसेप्सच्या कंडरेवर येतो. ती तुटते तेव्हा बहुधा अशीच.

पकडीचं काम आठवड्यात दोनदा पुरे. रोज केलंत तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं आणि महिनाभर सगळंच बंद पडतं.

---

शंकासुर

अंगठ्याचं माहीत नव्हतं. 👍 आता प्लँकबद्दल सांगा. चार मिनिटं प्लँक म्हणजे पोटाची ताकद चांगली ना?

---

पाठकणा

दम चांगला. ताकद किती ते चार मिनिटांवरून कळत नाही. एखादी स्थिती मिनिटभराहून जास्त आरामात धरता येत असेल तर भार फार कमी आहे. कोपर डोक्याच्या दिशेने पुढे सरकवा, नितंब आवळा, कमरेतला बाक निघू द्या. वीस सेकंदांत थरथर सुटली पाहिजे.

स्थिर म्हणजे आयसोमेट्रिक ताकदीची खरी गंमत कोनात आहे. एका कोनात कमावलेली ताकद मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास, दोन्ही बाजूंना साधारण १५ ते २० अंशांत वाढते. स्नायू लांबलेल्या स्थितीत केलेला सराव जास्त पसरतो, आखडलेल्या स्थितीतला कमी. याचा फायदा अडकण्याच्या जागी घेता येतो. बेंच प्रेस छातीपासून चार बोटं वर येऊन अडकत असेल तर रॅकच्या आडव्या पिना त्याच उंचीला लावा, रिकामा बार पिनांच्या खालून वर दाबा. पहिल्या सेकंदात जोर हळूहळू चढवा, मग ३ ते ५ सेकंद पूर्ण. असे ४ ते ६ प्रयत्न, मध्ये दोन मिनिटं. झटका देऊन सुरुवात केली तर खांदा तक्रार करतो. रॅक जमिनीला पक्का बसवलेला आहे ना, तेही बघा.

श्वास कोंडून असा जोर लावला की रक्तदाब खूप चढतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी पूर्ण जोराचे प्रयत्न टाळावेत, डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

---

चौथा_सेट

दमाचं राहिलं होतं. कमाल ताकद वाढली की दमही काही अंशी फुकट मिळतो. कमाल स्क्वॉट ६० किलो असेल तर ४० किलोचं ओझं म्हणजे ६७ टक्के. कमाल ८० झाला की तेच ओझं ५० टक्क्यांवर येतं आणि रेप्स आपोआप वाढतात. पण ओझं कमाल ताकदीच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या खाली असेल तर हा फायदा विरत जातो. तिथे रक्तपुरवठा आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता महत्त्वाची, आणि तिच्यासाठी १५ ते ३० रेप्स, ३० ते ६० सेकंद विश्रांती हेच करावं लागतं.

---

अर्धाकिलो

हे सगळं एकाच आठवड्यात बसवायचं कसं? उड्या, जड बार, पकड, दम, वर धावणं.

---

उडीबाज

सगळं सारख्या जोराने बसत नाही, तो हट्ट सोडा. सहा-आठ आठवडे एका प्रकाराला पुढे ठेवायचं, बाकीचे टिकवायचे. टिकवायला फार लागत नाही: सेट्स निम्म्याहून कमी केले, आठवड्यात एकच दिवस ठेवला तरी कमाल ताकद बराच काळ टिकते, फक्त बारवरचं वजन उतरवायचं नाही.

एका दिवसातला क्रम पक्का आहे. अंग गरम झालं की उड्या आणि फेकी, मग जड बार, मग जास्त रेप्सचं काम, पकड शेवटी. पकड आधी केली तर मागचं सगळं ओढण्याचं काम बिघडतं.

धावण्याबद्दल: रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये दाखवलं की जड पायांचा सराव आणि भरपूर दमश्वासाचा सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद दहा आठवड्यांपैकी साधारण सातव्या आठवड्यानंतर पुढे सरकेना. त्यांचा सराव जवळपास रोजचा आणि कठोर होता, त्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन हलक्या धावांना घाबरू नका. दोन्हींत किमान सहा तासांचं अंतर ठेवा, किंवा दिवसच वेगळे करा.

---

हळूहळू

साठीपुढच्यांसाठी लिहिते, कारण अशा धाग्यांत त्यांना "हलकी वजनं, सावकाश" एवढंच सांगितलं जातं. वयानुसार कमाल ताकद घटते, पण वेगात जोर लावायची क्षमता त्याआधी आणि त्याहून लवकर घटते, कारण वेगवान तंतू जास्त झिजतात. अडखळल्यावर पाय पटकन पुढे टाकायला हीच लागते.

सराव खुर्चीवर होतो. बैठक साधारण ४३ सेंटिमीटर उंच, खुर्ची भिंतीला टेकलेली, हात छातीवर दुमडलेले. उठताना शक्य तितक्या वेगात, बसताना मोजून तीन सेकंद. ६ ते ८ वेळा, ३ सेट्स, आठवड्यात दोन-तीन दिवस. उठताना धाडकन मागे पडल्यासारखं होत असेल तर पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या आणि नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल एवढं आधी पुढे झुका. जमत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. प्रगती मोजायला ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजावं.

---

अर्धाकिलो

आईला दाखवते हे. आणि चाचण्या किती दिवसांनी घ्यायच्या?

---

पाचकिलोची_प्लेट

उडीची दर आठवड्याला चालते, सरावाच्या सुरुवातीलाच, त्याच बुटांत. नेहमीपेक्षा पाच-सात टक्के कमी आली तर त्या दिवशी जड बारचे दोन सेट्स कापा. पाच रेप्सची चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी. लटकण्याची आणि धरून ठेवण्याची महिन्यातून एकदा, बार तोच ठेवा. जाडीत तीन-चार मिलिमीटरचा फरक असला तरी सेकंद बदलतात.